धुरातली हाक

६ एप्रिल

आज नव्या कामावर रुजू झाले. घर टेकडीच्या उतारावर, रस्ता जिथं संपतो तिथं. मागच्या अंगणाला तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे लगेच जंगल. आल्या आल्या घरच्या वहिनींनी चहा केला आणि माझी खोली दाखवली. कपाटाच्या फळीवर कोरा कागद अंथरलेला होता. माझ्यासाठी कुणीतरी कागद कापून, कडा दुमडून बसवला, एवढ्यानंच माझा जीव हरखला. इतकी घरं फिरले, पण पाहुण्यासारखी वागणूक क्वचितच मिळाली.

माझे पेशंट म्हणजे अप्पा, घरमालक भाऊसाहेबांचे वडील. झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. उरला तो एकच शब्द: नको. चहा हवा का विचारलं, तर नको म्हणाले आणि डावा हात कपाकडे पुढं केला. भाऊसाहेबांच्या दोन्ही मुली खो खो हसल्या. अप्पाही हसले. माझ्या नवऱ्याचं नेमकं उलटं होतं, मी सांगितलं. तोंडी कायम हो आणि हातून काम एक नाही! त्यावर वहिनींना ठसका लागला.

गॅरेजमागच्या खोलीत माळीकाका राहतात. एका कानानं ठार बहिरे. बायको त्याच बाजूला झोपायची म्हणून कान कामातून गेला, असं तेच सांगतात. ती वारल्यापासून तो कान बेकार बसलाय म्हणे.

इथं जमेल असं वाटतं.

९ एप्रिल

दिवसाची घडी बसली. सकाळी अप्पांना स्पंज, मग पाठीला पावडर, हातापायांचे व्यायाम, दर थोड्या वेळानं कुशीवर वळवणं. अप्पा वजनानं हलके आणि स्वभावानं गोड आहेत. दुपारी त्यांना खिडकीशी बसवते. आज पलीकडच्या डोंगरावर धुराची बारीक रेघ दिसत होती.

भाऊसाहेब म्हणाले, दर उन्हाळ्यात तिकडं गवत पेटतं, वारा ते उलट्या दिशेला नेतो, काळजीचं कारण नाही. संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढायला गेले तर माझ्या पांढऱ्या ओढणीवर राख. झटकली तर ती आणखीच पसरली.

१२ एप्रिल

सकाळी लाउडस्पीकरची जीप येऊन गेली. सामान बांधून तयार राहा, सांगितलं तेव्हा निघा. वहिनी भिंतीवरचे फोटो उतरवून चादरींत गुंडाळत होत्या. भाऊसाहेब छपरावर पाइपनं पाणी मारत होते आणि खाली उतरल्यावर माझ्या नजरेला नजर देत नव्हते.

गाडीत अप्पांना आडवं नेता येत नाही, त्यांना रुग्णवाहिकाच हवी. तेव्हा असं ठरलं की भाऊसाहेब वहिनी-मुलींना वहिनींच्या माहेरी सोडून दुपारपर्यंत परत येतील, तोवर रुग्णवाहिकाही येईल. निघताना वहिनींनी माझा हात घट्ट धरला, अप्पांना तुमच्या भरवशावर सोडतेय म्हणाल्या. धाकटी मागच्या काचेतून बराच वेळ हात हलवत होती. मला नव्हे, घराला.

१३ एप्रिल

भाऊसाहेब आले नाहीत. काल संध्याकाळी फोन आला होता. पोलिसांनी पूल बंद केलाय, सोडत नाहीत, रुग्णवाहिका येईल, तुम्ही घरातून हलू नका.

आज भरदुपारी दिवे लावावे लागले. बाहेर सगळं तांबूस, खिडकीची काच हाताला गरम लागते. दारांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले. माळीकाकांना आत बोलावून घेतलं. तिघांनी मिळून चहा घेतला. अर्धा कप झाल्यावर काका थांबले. मागून कुणी हाक मारली का, असं मला विचारलं. मी काहीच ऐकलं नव्हतं.

बाईमाणूस होतं, ते म्हणाले. ‘अहो, ऐकलंत का’ असं म्हणालं.

मी म्हटलं, कान वाजले असतील. त्यावर ते हसले, पण चहा तसाच ठेवला. थोड्या वेळानं हळूच म्हणाले की ऐकू आलं ते बहिऱ्या कानात.

१४ एप्रिल, सकाळ

हे नीट लिहून ठेवायला हवं.

अप्पांना भरवत होते. मागच्या अंगणातून भाऊसाहेबांची हाक आली. स्पष्ट. बाई, गाडी मागं लावलीय, अप्पांना घेऊन या. मला इतका आनंद झाला की वाटी तशीच टाकून मी अप्पांना चाकाच्या खुर्चीत बसवलं, अंगावर ओली चादर घातली आणि मागच्या दाराकडे निघाले. अप्पांनी डाव्या हातानं दाराची चौकट धरली. नको. मी म्हटलं, अहो, तुमचाच मुलगा आलाय. नको. नको. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बोटं काही सुटेनात. मी रागावलेसुद्धा त्यांच्यावर.

तेवढ्यात फोन वाजला. भाऊसाहेब. पुलापलीकडून बोलत होते. अजून सोडत नाहीत म्हणाले. अप्पा कसे आहेत?

आणि मागून तोच आवाज चालूच होता. बाई, गाडी मागं लावलीय. बाई, गाडी मागं लावलीय. एकाच चालीत. दम न घेता.

अप्पा बरे आहेत, एवढंच मी फोनवर सांगितलं. मग मागच्या दाराला कडी, वर टेबल लावलं. मागं गाडी यायला वाटच नाही. तिथं कुंपण आहे. हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?

१४ एप्रिल, दुपार

माळीकाका गेले.

धुतलेला शर्ट घातला होता. केस पाण्यानं चापून बसवले होते. मी दंड धरला, सकाळचं सगळं सांगितलं, अप्पांकडे बघा म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मला कळतंय हो बाई,” म्हणाले. “ती नसेलही. पण इतक्या वर्षांनी कुणी हाक मारलीय. न जाऊन कसं चालेल?”

टेबल त्यांनीच सरकवलं. कुंपणाची तार हातानं दाबून पलीकडे गेले. धुरात शर्ट थोडा वेळ पांढरा दिसत राहिला, मग—

आता त्यांचाही आवाज येतो. चहा झाला का, विचारतात. जिथून विचारतात तिथं झाडं पेटलीत.

१५ एप्रिल

फोन बंद. नळाला पाणी नाही.

वहिनी हाक मारतात. मुली हसतात. काका चहा मागतात. सगळे कुंपणापाशी. मी माझ्या आणि अप्पांच्या कानांत कापूस घातला. अप्पा माझा हात सोडत नाहीत.

एक गोष्ट लिहायला लाज वाटते. सगळ्या हाका या घरच्या माणसांच्या. मला बाई म्हणतात, बस. माझं असं कुणीच बोलावत नाही. भीतीनं जीव जातोय आणि त्यातही याचं वाईट—

पुढच्या दारावर घाव पडतायत. कुऱ्हाडीचे. अप्पा नको म्हणत नाहीत—

१६ एप्रिल

वाचलो. अग्निशमन दलाची माणसं होती. दार फोडून आत आली, एकानं अप्पांना लहान मुलासारखं उचललं. आम्ही वळणावर पोचेतो घराचं छप्पर पेटलं होतं.

आता एका शाळेच्या हॉलमध्ये आहे. बाकं भिंतीला लावलीत, जमिनीवर गाद्या. दुपारी भाऊसाहेब आले. अप्पांच्या कपाळाला कपाळ लावून ढसाढसा रडले. मला म्हणाले, तुमचे उपकार कसे फेडू? रुग्णवाहिकेत त्या दोघांपुरतीच जागा होती. संध्याकाळी तुमच्यासाठी गाडी पाठवतो म्हणाले. अप्पा मला सोडेनात. नको, नको. शेवटी मीच त्यांचं एकेक बोट सोडवलं.

माळीकाका कुंपणापलीकडे सापडले, असं दलाच्या माणसानं सांगितलं. हात पुढं केलेले होते. कुणाचातरी हात धरल्यासारखे.

दिवसभर माइकवरून नावं पुकारतात. ज्याचं नाव येतं तो धावत सुटतो, दारात कुणीतरी मिठी मारतं. शाळेच्या शिपायानं मला विचारलं, तुम्हाला न्यायला कोण येणार? येतील, म्हटलं.

१७ एप्रिल

गाडी आली नाही. विसरले असतील. त्यांचं तरी चित्त ठिकाणावर कुठं आहे?

वारा फिरला. आग इकडं वळलीय. हॉल रिकामा करतायत. उरलेल्यांना शेवटची बस नेणार. पुढच्या फाटकाशी थांबा म्हणाले. सकाळीच काळोखी आलीय. गाद्यांवर राख.

थोडेच जण उरलो. आता तेही बाहेर—

मागच्या मैदानाकडून कुणी—

नाही. ऐकायचं नाही. कापूस पिशवीत आहे.

ठकू.

हे नाव कुणाला ठाऊक नाही. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आई म्हणायची, खेळून परत यायला उशीर झाला की. तिला जाऊन तर—

ठकू, ये गं. दमली असशील.

माहीत आहे मला. सगळं माहीत आहे. काकांचं काय झालं तेही. कापूस हातात आहे, हात वर जात नाही.

दमलेय मी खरंच. आजवर कुणी विचारलं नव्हतं—

पुढं बसचा हॉर्न. शिपाई ओरडतोय, चला बाई, चला लवकर.

ठकू.

नुसती दारापर्यंत जाते. लांबूनच बघते. वही गादीवर ठेवते, म्हणजे शिपायाला कळेल की मी परत—