घाटाच्या तोंडाशी थांबलेली गाडी

मी, बानाबाई मल्हारराव सोन्नर, वय अंदाजे सत्तर, मूळ राहणार देवगाव रंगारी, हल्ली मुक्काम छत्रपती संभाजीनगर, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या धाकाविना, राजीखुशीनं हे मृत्युपत्र लिहून ठेवते. लिहिणारी वकील राजनंदिनी हिला मी बजावलंय, माझं बोलणं धुऊनपुसून कागदावर आणू नको.

कलम पहिलं. राहतं घर मुलगा हनुमान व सून अंबिका या दोघांच्या नावे. भांडायचं तर दार लावून भांडा.

कलम दुसरं. बँकेतली ठेव नात सोनिया हिच्या शिक्षणाला. लग्नाच्या मांडवात त्यातला छदामही जाता कामा नये.

कलम तिसरं. माझ्या नावावरची पांढरी लहान गाडी अंबिकेला, एकटीला. सदर गाडीवर हनुमानाचा कसलाही हक्क राहणार नाही. तो म्हणतो, "आई, शॉकअप गेले, बुश गेले, आता भंगारात देऊ." व्हय रं बाबा, माझेबी गुडघे गेलेत, मला कुठं देतोस? याच गाडीतून अंबिका शिवलेले ब्लाउज औरंगपुऱ्यातल्या दुकानांत पोचवते. गाडी गेली की तिचा धंदा बसला आणि तीही घरात बसली. ते मी होऊ देणार नाय.

ही गाडी माझे मयत पती मल्हारराव यांनी मेंढरं विकून जुनीच घेतली होती. ते म्हणायचे, जनावर घेताना आधी पाय बघावेत. हे अंबिकेला कुणी शिकवलं नव्हतं, तरी कळलं.

धाकट्या दिराच्या, अप्पारावाच्या पोराचं लग्न शहरात होतं. देवगावहून अंबिका गाडी चालवत होती, मी मागं, अप्पाराव तिच्या शेजारी. त्याआधी महिनाभर ती सांगत होती, स्टिअरिंग ढिलं लागतंय, पुढून खडखड येतेय. हनुमानानं अलाइनमेंट करून आणली. मल्हाररावांनी, तेव्हा ते हयात होते, मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. खडखड होतीच. खुलताबाद सोडलं, घाट सुरू व्हायच्या आधी हिनं गाडी कडेला घेतली आणि चावी काढली. "मामंजी, मी खाली नेणार नाय." अप्पाराव लई तापला. "अगं, नवरदेवाचा बाप हाय मी! बाईच्या हातात गाडी दिली की असंच!" ती रडत होती, पण चावी मुठीतच.

मी खाली उतरून तिच्या दाराशी उभी राहिले. मेंढी लंगडायच्या आधीच तिचं दुखणं ओळखणारी मी. दुसरीला ते कळलेलं मला दिसणार नाय व्हय?

मुजीब मिस्त्रीला बोलावलं. त्यानं जॅक लावला, पुढचं चाक धरून हलवलं आणि स्टिअरिंगपासून चाकाकडं जाणाऱ्या दांडीचं टोक त्याच्या हातातच आलं. "अम्मा, ये घाट में निकलता तो बहू क्या करती!" अप्पारावानं खाली वाकून ते टोक बघितलं. शाबास पोरी, असं मी तेव्हाच म्हटलं, आज कागदावर म्हणते. तू नसतीस तर लग्नाच्या दिवशी आमचा दहावा ठरला असता.

कलम चौथं. ते झिजलेलं टोक माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे. ते दीर अप्पाराव यांस द्यावं. त्यांनी ते देवघरात ठेवावं.

कलम पाचवं. माझ्या अस्थी पैठणला याच गाडीतून न्याव्यात, अंबिकेनं चालवत. हनुमानानं शेजारी बसावं, अप्पारावानं मागं. वाटेत तिला खडखड ऐकू आली आणि ती थांबली, तर कुणी तोंडातून शब्द काढायचा नाय. मुहूर्त टळू द्या, दिवस मावळू द्या. मला आता कुठंच घाई नाय.

वरचा मजकूर मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरलाय, म्हणून सही करते.

बानाबाई मल्हारराव सोन्नर

साक्षीदार: मुजीब मिस्त्री, खुलताबाद
साक्षीदार: मनकर्णाबाई, शेजारीण

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १४ ऑगस्ट २०२५