दंडावरची गाठ

सोलापूर,
ता. ९ ऑगस्ट १९२७

ती. गोजरअक्कास,
धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझ्या नावामागे 'सौ.' लिहायची हाताला सवय. आज ते लिहिता येत नाही आणि दुसरं लिहवत नाही, म्हणून दोन्ही सोडून दिलं. रागावू नकोस.

इकडे सर्व ठीक. गावाबाहेरची पटकीची छावणी गेल्या शनिवारी मोडली. तट्टे जाळले, खाटा चुन्याने धुतल्या, आणि मी पुन्हा दवाखान्यात पुड्या बांधायला बसलो आहे. छावणीत रोग्यांची घाण काढायला दगडाबाई होती, तीही इथेच झाडलोटीला लागली. रोज तुझी चौकशी करते. खानावळीतली भाकरी दगडासारखी असते, पण खातो.

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. दाजींनी लग्नानंतर तुला अक्षर शिकवलं तेव्हा मी तुझ्या काना-मात्रांची थट्टा करायचो. या पत्रात एकही चूक नव्हती. शेवटची बाटली दुसऱ्याला दिली असं तुमचा गडी कोंडीबा सांगतो, ती का दिली, एवढंच तू विचारलंस. उपाय थकले होते, असं मी तुला आधी कळवलं होतं. ते खोटं होतं, अक्का.

पटकीत माणसाच्या अंगातलं पाणी निघून जातं. मग शिरेत सुई घालून मिठाचं पाणी सोडावं लागतं. दाजी गूळ घेऊन सोलापूरला आले आणि सोमवारी छावणीत दाखल झाले, तेव्हा त्यांना दोन बाटल्या दिल्या. मंगळवारी ते उठून बसले, चहा मागितला, मला म्हणाले की तुझ्या हातचं पाणी गोड आहे. बुधवारी सकाळपासून पुन्हा खचले. त्या दिवशी दुपारी छावणीत एकच बाटली उरली होती. नवी पेटी संध्याकाळच्या गाडीने यायची होती. डॉक्टर खेड्यावर गेलेले. आणि रोगी दोन. एक दाजी, दुसरा ईरप्पा नावाचा अक्कलकोटकडचा गाडीवान. कानडीशिवाय त्याला काही येत नव्हतं, आणि त्याची विचारपूस करायला कोणी आलेलंही नव्हतं.

कुणाला पाणी लागू पडेल हे आधी अजमावायची आमची एक रीत होती. दगडाबाईने रोग्याचे दोन्ही पाय उचलून धरायचे आणि मी नाडी पाहायची. पायातलं रक्त काळजाकडे उतरतं. तेवढ्याने नाडी भरली, तर बाटलीनेही भरेल. नाही भरली, तर बाटली वाया जाईल. ही रीत डॉक्टरांनी मला शिकवली होती आणि तोवर ती चुकली नव्हती. निदान मला तसं वाटत होतं. मला तिचा गर्व होता.

ईरप्पाचे पाय उचलले, नाडी बोटाखाली भरली. दाजींचे उचलले, काहीच लागलं नाही. मी तिसऱ्यांदा उचलायला लावले. तरी नाही. मग ती बाटली मी ईरप्पाला लावली. नातं बाजूला ठेवून न्याय केला म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. हेही तुला कळलं पाहिजे.

इथपर्यंत लिहून दोनदा कागद फाडला. आता फाडणार नाही.

त्या बुधवारी सकाळीच कोंडीबा तुमच्या करकंबहून आला होता. तू मरीआईच्या देवळातून आणलेला काळा दोरा त्याच्याकडे दिला होतास आणि तो माझ्याच हाताने बांधायला सांगितलं होतंस. असल्या गोष्टींना मी हसतो, हे तुला माहीत आहे. पण तू पाठवलेला, म्हणून बांधला. पुरुषाचा, म्हणून उजव्या दंडाला. दाजींचा दंड इतका वाळला होता की दोरा कोपरापर्यंत घसरायचा. दाजी म्हणाले, "आवळून बांद की. सुटला तर तुजी अक्का मला लई बोलंल." मी चार वेढे घालून करकचून गाठ मारली आणि वर बाही ओढली.

आणि नाडी मी कुठली पाहिली असेल? आपले बाबा वैद्य. पुरुषाची उजवी, बाईची डावी, हे त्यांनी आपल्याकडून करमाळ्याच्या घरात पाढ्यांसारखं पाठ करून घेतलं होतं. डावा हात धरला तर माझ्या मनगटावर छडी मारायचे. दवाखान्यात आठ वर्षं काढली, पण माझी बोटं अजून बाबांचंच ऐकतात. तिन्ही वेळा मी उजवाच हात धरला.

ईरप्पाची बाटली संपली, त्याचे डोळे उघडले. तेवढ्यात दगडाबाई दाजींचा डावा हात पुसत होती, ती थांबली. म्हणाली, "तात्याबा, ह्यो हात बगितला का न्हाय? हितं उडतंय की."

मी बोट ठेवलं. बारीक होती, पण होती. पाय उचलले तर भरली, अक्का. चांगली भरली. मग मी बाही वर सारली. दोरा मांसात रुतला होता आणि खालचा हात गार पडला होता. इतक्या अशक्त नाडीला अडवायला तेवढा दोरा पुरतो, हे मला शिकवायला कोणी नको होतं.

दोरा कातरीने कापला. पाणी उकळून, वाफेचं पाणी धरून नवी बाटली करायला घेतली. तिला तीन तास लागतात. दाजी दीड तासात गेले. माझा हात त्यांच्या हातात होता. मी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांनी तुझं नाव घेतलं आणि दोरा आहे ना, असं विचारलं. मी आहे म्हणालो.

तू दोरा पाठवलास म्हणून हे झालं, असं मनात आणशील, या भीतीने महिनाभर गप्प राहिलो. तसं आणू नकोस. तू दोरा पाठवलास तो जीव वाचावा म्हणून. गाठ मी मारली, विसरलो मी, आणि दुसरा हात पाहायचं सुचलं नाही तेही मलाच. ईरप्पा जगला याचं मला वाईट वाटत नाही. त्याचा काही दोष नाही. पण तो परवा भेटायला आला आणि माझ्या पाया पडू लागला, तेव्हा मी मागच्या दाराने निघून गेलो.

आता मी आधी दोन्ही बाह्या वर सारतो आणि दोन्ही हात पाहतो. उशिरा शिकलो.

हे मी लिहिलंही नसतं. पण कोंडीबा परवा इकडे आला होता. तो म्हणाला की नागपंचमीच्या आदल्या दिवशी तू नेहमीसारखा भावाचा उपवास धरलास. घरात एवढं होऊनही. ते ऐकलं आणि मी कागद पुढे ओढला. ज्याच्यासाठी तू उपाशी राहतेस तो कोण आहे, हे तुला माहीत असायला हवं.

पुढच्या वर्षी तो उपवास करायचा की सोडायचा, तू ठरव. सोडलास तर मी कारण विचारणार नाही. भाऊबीजेला येऊ का, तेवढं मात्र कळव. नको म्हणालीस तरी चार ओळी लिही. तुझं अक्षर पाहीन.

गाठ मारणारा,
तुझाच धाकटा भाऊ,
तात्याबा