सरकार नागपूरला येतं तेव्हा

२४ नोव्हेंबर, सोमवार
सिव्हिल लाइन्समधले खड्डे बुजवणं सुरू झालं. म्हणजे अधिवेशन आलं. वर्षभर मी याचीच वाट पाहते — मंत्रालय नागपूरला येतं आणि त्याच्यासोबत दुर्गेश. कॉलेजपासूनचा माझा दुर्गेश, आता तिथे अधिकारी. संध्याकाळी फुटाळा तलावावर चहा, रविवारी तो मौद्याला आमच्या घरी जेवायला. एवढ्यावर माझं पुढचं वर्ष निघतं.
आई विचारते, "तुमचं काही बोलणं झालं का वं?" नाही झालं. तो बोलत नाही, मी विचारत नाही.

२६ नोव्हेंबर
शाम्पूच्या छोट्या पुड्यांवर राज्याचा नियम येतोय. मसुदा आज निघाला — ज्या कंपनीने पुडी विकली, तिनेच रिकामी पुडी परत गोळा करायची. आमची कंपनी या पुड्यांवरच मोठी झाली. आणि कंपनीतर्फे सरकारशी बोलणं हे माझं काम.
हरकती कुणाकडे पाठवायच्या? खाली नाव दुर्गेशचं.
नाव पाहून आधी आनंद झाला. मग लक्षात आलं, कंपनीसाठी मागायला मला त्याच्याकडेच जावं लागणार.

२७ नोव्हेंबर
आमच्या शाखेचे प्रमुख जितेंद्र सर खुशीत. "अदिती, तो तुझ्या ओळखीचा आहे म्हणे. मग हरकती कशाला? एक चहा घे त्याच्यासोबत. छोट्या पुड्या वगळतील का, एवढंच विचार. चहाच तर आहे."
मलाही चहाच हवा होता. म्हणून तर नाही म्हणणं जड गेलं. म्हटलं मात्र.

२८ नोव्हेंबर
मुंबईला मिनल मॅडमना फोन केला. माझ्या कामाच्या वरिष्ठ त्याच. सगळं सांगितलं, दुर्गेशचंही. त्या म्हणाल्या, "जे मागायचं ते सगळ्यांसमोर, आपल्या नावाने. उद्या लोकांना सांगता येणार नाही असं काही सरकारशी बोलायचं नाही." मग हळूच — "नियम निघेपर्यंत त्यांना भेटू नकोस. फोनही नको. जमेल?"
जमेल म्हटलं.
दुर्गेशला कळवलं. कारणही लिहिलं. उत्तर आलं, "बरं."
एवढंच.

८ डिसेंबर
अधिवेशन सुरू. मुंबईची मंडळी उतरतात त्या रवि भवनाकडून मुद्दाम ऑफिसला गेले. बंदोबस्ताशिवाय काही दिसलं नाही.

९ डिसेंबर
आईने कोथिंबिरीच्या सांबारवड्या केल्या. "दुर्गेश काहून येऊन नाही राहिला वं?"
"काम आहे त्याले."
"इतकं काय काम? जेवत तर असंन ना तो?"
मी ताटावरून लवकर उठले.

११ डिसेंबर
आज मसुद्यावर जाहीर सुनावणी. त्याला आवडते ती हिरवी साडी नेसले. बोलता नाही आलं तरी निदान समोर दिसेल.
त्याच्या जागी दुसऱ्याच बाई होत्या.
कंपन्यांच्या संघटनेने छोट्या पुड्यांना सूट मागितली. मग माझी पाळी. कंपनीचं म्हणणं मिनल मॅडमशी आधीच ठरलं होतं. म्हटलं, "आम्हाला सूट नको. पुड्या आम्ही विकल्या, आम्हीच गोळा करू. खेड्यापाड्यांत व्यवस्था उभी करायला एक वर्ष द्या."
बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे संघटनेपेक्षा वेगळं?"
"हो. त्यांनाही कालच सांगितलं."
परतताना जितेंद्र सर गाडीत एवढंच बोलले, "आता आपल्यासोबत कोणी उभं राहणार नाही." खरं असेल. पण इतकं नीट मी कधीच बोलले नव्हते. ज्याने ऐकायला हवं होतं, तोच नव्हता.

१५ डिसेंबर
अधिवेशन संपलं, फायलींचे ट्रक मुंबईला परत निघाले. आजारी आहे का तो? की माझ्या त्या मेसेजने सगळं संपलं असं समजला? नंबर काढला. लावला नाही.

२ जानेवारी
नियम नाही. फोन नाही.

१२ जानेवारी
आज नियम निघाला. एक वर्ष दिलंय, सूट कुणालाच नाही. दुपारी दुर्गेशचा फोन. तो डिसेंबरात नागपूरला आलाच नव्हता. माझा मेसेज वाचला त्याच दिवशी त्याने साहेबांना सांगून ती फाईल सोडली, म्हणून त्याला मुंबईतच ठेवलं.
"काय सांगितलंस साहेबांना?"
"माझी होणारी बायको त्या कंपनीत आहे म्हणून." मग म्हणाला, "तुले विचाराचं राहूनच गेलं."