सर, उठा ना

प्रिय ऋतू,

आज तुझा आवाज ऐकला. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच. नाशिकहून येवल्याला येईपर्यंत एसटीत मी नुसती बसून होते. आईपप्पांना काय सांगू, कसं सांगू, सुचत नाहीये. म्हणून आधी तुलाच लिहिते.

अपघाताची चौकशी करणाऱ्या साहेबांनी बोलावलं होतं. तू नि तुला शिकवणारे सर होतात, त्या विमानातून टॉवरशी झालेलं बोलणं त्यांच्याकडे आहे. "आवाज बहिणीचाच आहे ना, तेवढं सांगा. घाई नाही, आधी पाणी घ्या," ते म्हणाले.

आधी तुझं ते पाठ केलेलं इंग्रजी आलं. मग एकदम मराठी. "सर? सर, उठा ना." आणि मग टॉवरला, "सर बोलत नाहीयेत. मान टाकलीये त्यांनी. मी विमान परत आणतेय."

तुला भीती नाही का गं वाटली? पाल दिसली की कॉटवर चढणारी तू. टॉवरवरचा माणूस सांगत होता आणि तू दरवेळी "हो सर" म्हणत होतीस. शेवटीसुद्धा "हो सर"च. पुढे काहीच नाही.

मी विचारलं, "म्हणजे चूक तिची नव्हती?"

"सरांना हवेतच काहीतरी झालं असावं. डॉक्टरांचा अहवाल यायचाय," साहेब म्हणाले. "पण मुलगी धावपट्टीकडेच येत होती. अगदी जवळ आली होती."

जवळ आली होतीस. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं का?

इकडे गल्लीत काय काय बोलले लोक! शिकाऊ पोरीनं विमान पाडलं, मास्तरालाही घेऊन गेली. पप्पा अजून मागावर बसलेले नाहीत. पैठणी अर्धीच आहे.

तू पायलट व्हायचं म्हणालीस तेव्हा आई म्हणाली होती, "लय उंच नको जाऊ." तू हसलीस. "आई, उंच असताना काही होत नाही. खाली येतानाच जपावं लागतं." असं कशाला बोललीस गं? ती सारखं तेच घोकते.

साहेबांच्या ऑफिसातून बाहेर आले तर बाकावर सरांची बायको बसलेली. तिनं हात धरला. "काय ऐकलंत?"

जिभेवर आलं होतं, तुमच्या माणसापायी माझी बहीण गेली. पण कानात तूच होतीस. मी म्हणाले, "ऋतू त्यांना उठवत होती." ती माझ्या खांद्यावर कोसळली. आम्ही दोघी तिथेच रडलो.

आता लोक सरांना बोल लावतील. आपल्या घरातून तसा एक शब्द निघणार नाही, ऋतू. आईपप्पांना मी आजच, जेवणं झाली की, सगळं सांगते.

तुझीच,
ताई