टेकडीवरून उतरलेला शब्द

लाडक्या आईस,

लंडनहून तुझ्या थर्झाचं खूप खूप प्रेम. मी मजेत आहे. जेवण पोटभर मिळतं, खोकलाही जवळजवळ गेला.

काल गंमत झाली. स्वयंपाकीणबाईंना मी सांगत होते, "आमचे बाबा पहाटेच मेंढ्या घेऊन डाउनवर चढतात." त्या खो खो हसल्या. "अगं वेडे, डाउन म्हणजे खाली! खाली कुणी चढतं का?"

"आमच्याकडे टेकडीलाच डाउन म्हणतात," मी म्हटलं.

मालकीणबाईंचे म्हातारे काका दारातून ऐकत होते. ते म्हणाले, "पोरीचं खरं आहे. जुन्या इंग्रजीत टेकडीला 'डून' म्हणत. लोक म्हणायचे, 'डूनवरून आलो'. बोलता बोलता त्यातलं 'वरून' गळून पडलं, आणि टेकडीचं नावच 'खाली' या अर्थानं उरलं."

सगळे हसले. मला मात्र एकदम भरून आलं. भांडी घासायच्या निमित्तानं मी पाठ फिरवली. इथे सगळं सपाट आहे गं. माझ्या खिडकीतून समोरची भिंत तेवढी दिसते.

बाबांचा गुडघा कसा आहे? गेल्या पत्रात तू त्यांच्याबद्दल एक ओळही लिहिली नाहीस. मेंढ्या आता कोण नेतं?

काकांनी शब्द टाकला, म्हणून मला रविवारची सुट्टी मिळाली आहे. लंडनहून बाहेर जाणाऱ्या गाडीलाही डाउनच म्हणतात, त्या गाडीनं येते. मला घ्यायला बाबांना टेकडी उतरू देऊ नकोस. ते मेंढ्यांबरोबर वर असले, तर वरच बसू देत. मी चढून येते.

घराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
थर्झा