पा-कूच्या नावाची पाटी

१६ मार्च, रविवार

पुन्हा सातवीच. जिम्नॅस्टिक्सचा सराव संपल्यावर आमच्या कोच डार्लीनने बीमची, म्हणजे त्या उंच अरुंद पट्टीवरच्या कसरतीची, सहा नावं वाचली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि कोरी राखीव." आवाज इतका मऊ केला की त्यापेक्षा ओरडली असती तर बरं. या कॉलेजातलं शेवटचं वर्ष, राष्ट्रीय स्पर्धा यंदा आमच्याच हॉलमध्ये — आणि मी बाकावर.

पा-कूचं नाव पाचवं. खोलीवर येताना म्हणाली, "तोंड का पाडलंस एवढं? माझा पाय मोडला की तुझीच चैन आहे."

"पाय नको मोडूस. संख्याशास्त्र कोण शिकवणार मला?"

हसलो दोघी. तळ्यावरचा बर्फ अजून पुरता सुटलेला नाही, पण मासेमारीवाल्यांनी बर्फावरच्या टपऱ्या किनाऱ्यावर ओढून आणल्यात.

१८ मार्च, मंगळवार

संघातल्या जुन्या मुली स्पर्धा बघायला यायला लागल्या. मुली कसल्या, आज्या झाल्यात त्यातल्या काही! सगळ्यांचा पहिला मुक्काम भिंतीपाशी. हॉलबाहेरच्या बोळातल्या त्या भिंतीवर आमच्या कॉलेजच्या प्रत्येक ऑल-अमेरिकनची पितळी पाटी. राष्ट्रीय स्पर्धेत वरच्या आठांत आलं की नाव कायमचं. वरच्या ओळी सत्तरच्या दशकातल्या, वर्कशॉपमध्ये हाताने ठोकलेल्या, अक्षरं तिरपी. ऐंशीच्या सालातल्या जरा सुबक. नव्वदच्या पोरींनी तर ओळीच्या ओळी भरून टाकल्यात. मग पाट्या विरळ होत जातात आणि खाली नुसतं लाकूड. शेवटची पाटी लागली तेव्हा मी शाळेत होते.

विल्मा ऑस्टगार्ड नावाच्या बाई आल्या होत्या, साठीच्या, एका गुडघ्यात लंगडत. पहिल्या ओळीत आहेत त्या. नाव दाखवलं आणि म्हणाल्या, "माझ्या आडनावातला एक 'ए' खाल्लाय बघ यांनी."

"तुम्ही सांगितलं नाहीत कधी?" मी विचारलं.

"कुणाला सांगणार? लोकांनी एवढा मान दिला आणि मी अक्षरावरून भांडू? पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या वर्षी. आता सांगितलं तर मीच वेडी ठरेन."

मग जुन्या गोष्टी सांगत बसल्या. पोशाख घरी शिवायचे, कॉलेजच्या शेतीखात्याच्या गाडीतून स्पर्धेला जायचं, गाडीला बटाट्याचा वास. बीमला तेव्हा अस्तर नव्हतं, कोरं लाकूड, पडलं की सोलून निघायचं. "तुम्हां पोरींना सगळं मऊ मिळालंय," म्हणाल्या, पण रागाने नाही.

पा-कूने शेवटच्या पाटीखालच्या लाकडावर तळवा ठेवला. "इथे," एवढंच म्हणाली.

१९ मार्च, बुधवार

नीट लिहायला हवं.

सराव संपला. बाकीच्या बर्फाच्या टबात बसायला गेल्या, डार्लीन फोनवर, संघाच्या दुखापती बघणारी लोइस पट्ट्यांची पेटी आवरायला आत. मी गाद्या ओढत होते. पा-कू म्हणाली, एकदाच करते अजून. मागे घेतलेली दुसरी कोलांटी सुटली. डोक्याची मागची बाजू बीमवर आपटली. तो आवाज! मग ती गादीवर.

मी धावले. ती उठून बसली, हसलीसुद्धा. "काही नाही गं, काही नाही." मग हॉलकडे बघत म्हणाली, "आज सोमवार ना?"

"बुधवार."

"हो, बुधवारच."

मी लोइसला हाक मारायला वळले. पा-कूने माझा हात धरला. "कोरी, नको. डोकं म्हटलं की बाहेर बसवतात, नियम आहे. शनिवारची स्पर्धा झाली की मी स्वतः सांगते. माझी शपथ आहे तुला." मग हात सोडला. "आणि सांगितलंस तरी मी समजून घेईन. पुढची जागा तुझीच आहे ना."

चांगल्या मनाने म्हणाली ती. टोमणा नव्हता. पण मला कानाखाली बसल्यासारखं झालं.

मी लोइसला हाक मारली नाही.

२० मार्च, गुरुवार

सांगितलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी केस बांधताना पा-कू "आई गं" म्हणाली. "इथे काय लागलंय कोण जाणे." खोलीत दुसरी एक मुलगी पिना मागायला आली होती, तिच्यासमोर नाटक केलं असणार. मी आरशातून बघितलं तर माझ्याकडे बघून हसली. समजले मी. आम्ही दोघी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ठरवल्यासारखं.

संध्याकाळी जुन्या मुलींसोबत जेवण. शुक्रवार म्हणजे तळलेला मासा, कोबी, राय धान्याचा काळसर पाव. लोइस प्रत्येकीच्या खुर्चीमागे येऊन खांद्यावर हात ठेवत विचारत होती, "कुणाचं काही दुखतंय का? आत्ता सांगा, नंतर नाही." पा-कू म्हणाली, "मस्त आहे." लोइस माझ्याकडे आली. "आणि तू?" मी म्हटलं, "मी काय, मी बाकावर." सगळ्या हसल्या.

आता खरं लिहिते. मी पा-कूच्या शपथेमुळे गप्प नाही. मी तोंड उघडलं तर उद्या तिच्या जागी मी चढणार. हॉलमधला प्रत्येक माणूस म्हणणार — बघा, कशी जागा पटकावली! मला ते नकोय. मला चांगली मुलगी दिसायचंय. तिच्या डोक्यापेक्षा मला माझं नाव सांभाळायचंय.

लिहिल्याने काही बदललं नाही. लोइसचा नंबर माझ्याकडे आहे.

२३ मार्च, रविवार

जिंकलो. संघ पहिला.

काल पा-कू बीमवर चढली तेव्हा मी खडूच्या भुकटीचा डबा छातीशी धरून उभी. ती बुधवारी जिथे सुटली होती तिथे आली आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती बीमवरच होती. एवढं सुंदर मी तिला कधीच बघितलं नव्हतं. घाई नाही, थरथर नाही, पाण्यात चालावं तसं चाललं होतं. शेवटची उडी घेऊन खाली आली ती रोवल्यासारखी उभी. सगळा हॉल उठला. विल्माबाई रडत होत्या.

पा-कू सरळ माझ्याकडे चालत आली. मी मिठी मारली. ती कानात म्हणाली, "आता कुठे जायचंय?"

"कुठे म्हणजे? बस इथे, गुण येतायत."

"बरं," म्हणाली आणि बसली.

बीमवर दुसरी आली. ऑल-अमेरिकन! पाटी! मला इतका आनंद झाला की बुधवार पुसला गेला. बघ, काही झालं नाही, उगाच घाबरलीस, असं मी स्वतःला सांगितलं. जेवताना तिने चीजचे तळलेले गोळे खाल्ले आणि बाहेर जाऊन ओकली. सगळ्या म्हणाल्या, अधाशी कुठली. मीही म्हणाले.

२७ मार्च, गुरुवार

पा-कू चार दिवस वर्गात गेली नाही. पडदे ओढून पडून असते. उजेड टोचतो म्हणते. संख्याशास्त्राचं गणित घेऊन गेले तर बराच वेळ बघत राहिली आणि वही परत दिली. "नंतर बघू." जिच्याशी आकडे हसून बोलतात असं आम्ही म्हणायचो ती.

मी लोइसला सांगितलं — पा-कूला बरं नाही. एवढंच सांगितलं. लोइस तिला लगेच दवाखान्यात घेऊन गेली.

१ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरांना काही कळत नाहीये. डोक्याला मार लागला का, हे पहिलं विचारलं त्यांनी. पा-कूने नाही म्हटलं. लोइसने नाही म्हटलं. डार्लीनने स्पर्धेची चित्रफीत दाखवली, त्यात ती पडलेलीच नाही. आता दुसरी कारणं शोधतायत. फेफरं असेल, मेंदूत सूज असेल. औषध सुरू केलंय, त्याने ती दिवसभर गुंगीत असते.

पा-कू स्वतःच सांगत नाही तर मी कशी सांगू? तिला पाटी जाईल याची भीती वाटत असणार. तिचं गुपित आहे, तिनेच फोडायला हवं. हे मी आज बऱ्याचदा स्वतःशी म्हटलं.

५ एप्रिल, शनिवार

पा-कूचे आईवडील शिबॉयगनहून आले. मोठं पातेलं भरून औषधी पाला घातलेलं कोंबडीचं सार, चिकट भात, एक जुनं पांघरूण. वडील खिडकीच्या फटीला टॉवेल लावत बसले, उजेड येऊ नये म्हणून. मी त्यांच्या मागे उभी राहून टॉवेलची दुसरी कड धरली.

तिच्या आईने, मिसेस लोरनी, मला बाहेर बोळात नेलं. माझा हात दोन्ही हातांत धरला. "तू तिच्यासोबत असतेस. म्हणून मला झोप लागते, पोरी." मग म्हणाल्या, "डॉक्टर त्यांचं करू देत. आमच्यात माणूस दचकलं, पडलं, की जीव तिथेच राहतो. अंगात परत येत नाही. त्या जागी जाऊन त्याला हाक मारून आणावं लागतं. तुला माहीत असेल. कुठे दचकली माझी पा-कू? कुठे पडली का ती?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

एवढे दिवस नुसती गप्प होते. आज पहिल्यांदा खोटं बोलले. तिच्या आईशी.

त्यांनी मान डोलावली. जागा माहीत नाही म्हणून खोलीच्या दारातूनच हाक मारली त्यांनी, अंडं आणि तांदूळ ठेवून, त्यांच्या भाषेत, लहान मुलाला जेवायला बोलवावं तशी. पा-कूच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. मग माझ्याही. "तूही दमलीयेस," म्हणाल्या. मी हात मागे घेऊ शकले नाही.

८ एप्रिल, मंगळवार

दोरा ओला झाला की मनगटाला चिकटतो.

११ एप्रिल, शुक्रवार

आज पाटी लावली. पा-कूला येता आलं नाही, बोळातल्या ट्यूबलाइटकडे ती बघू शकत नाही. डार्लीन म्हणाली, "तिच्या वतीने कोरी स्क्रू पिळेल. तिची खरी मैत्रीण." टाळ्या. स्क्रू तीनदा खाली पडला, तेव्हा डार्लीनने माझ्या हातावर हात ठेवला. तिला वाटलं मला भरून आलंय.

सगळ्या गेल्यावर मी डार्लीनपाशी थांबले. म्हटलं, "कोच, जर एखादीला लागलं असेल आणि तुम्हाला कळलं असतं तर?"

"तर तिला बसवलं असतं. पाटीबिटी गेली खड्ड्यात." माझ्याकडे नीट बघितलं. "का गं?"

"असंच."

चार वर्षांत कधी ही बाई आमच्यावर ओरडली नाही. तिला सांगणं काहीच कठीण नव्हतं. बुधवारी नाही, शुक्रवारी नाही, आजही नाही. आणि मी "असंच" म्हणाले.

नवीन पाटी बाकीच्यांपेक्षा पिवळी दिसते. येणारा-जाणारा तिच्याकडेच बघतो. मी आता मागच्या दाराने जाते.

१२ एप्रिल, शनिवार

सोमवारी पाठीच्या मणक्यातून पाणी काढणार आहेत, तपासायला. मिसेस लोरना भीती वाटतेय, सुई किती मोठी असते विचारत होत्या. मी त्यांना समजावलं. मी!

उद्या पा-कूला गाठून विचारणार — आता बस झालं, तू सांगतेस की मी सांगू?

१३ एप्रिल, रविवार

पा-कू आज जरा बरी होती. गॉगल घालून उशीला टेकून बसलेली. मी तोंड उघडायच्या आतच तीच म्हणाली, "ए कोरी, मी कसं केलं गं बीम? सगळे सांगतात छान केलं. मला त्यातलं काहीच आठवत नाही. तो अख्खा आठवडाच नाही. कुणाला सांगू नकोस, आई घाबरेल." मग म्हणाली, "डॉक्टर परत विचारत होते, आधी कधी आपटलीस का. मी म्हटलं, शक्यच नाही. आपटले असते तर कोरीने सांगितलं असतं."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. नाटक नव्हतं. कधीच नव्हतं.

"पा-कू, बुधवारी तू बीमवर आपटलीस. मी तिथे होते."

"कुठल्या बुधवारी?"

मी दार उघडलं आणि तिच्या आईला आत बोलावलं.