विनोदिनीकाकूंचा सेट

४ नोव्हेंबर
उज्जैनला उतरलो आणि पहिल्याच दिवशी खोली मिळाली! बँकेने बदलीचा कागद हातात ठेवला तेव्हा जिवावर आलं होतं. आता वाटतं, बरंच झालं. नानाखेड्यात दुमजली घर, वरची खोली माझी, तिच्यावर मोकळी गच्ची. घरमालकीण विनोदिनी जटार सत्तरीच्या आहेत, खाली एकट्याच राहतात. सामान उतरेपर्यंत पोह्यांची बशी आली, वर भरपूर शेव. “आपलं घर समज बेटा, काही लागलं तर बेझिझक सांग,” म्हणाल्या.
गच्चीवर दोन गंजलेले लोखंडी खांब दिसले म्हणून विचारलं. त्यांचे यजमान यज्ञेश्वरराव हॅम होते, म्हणजे परवाना काढून घरच्या रेडिओवरून देशभर गप्पा मारणाऱ्यांपैकी. गेल्या वर्षी वारले. मी पंधरा वर्षं शॉर्टवेव्ह ऐकतो हे कळल्यावर काकूंनी दुसरी बशी भरून आणली.

७ नोव्हेंबर
काकूंनी एक काम सांगितलं. यजमानांचे सगळे सेट जावयाने वाटून टाकले. पण त्यांची मित्रमंडळी म्हणे अजून सकाळी सातला रेडिओवर जमते, एकमेकांची खुशाली विचारते. चाळीस वर्षं काकूंनी चहा टाकताना ते आवाज ऐकले. “बोलायचं नाहीये मला, फक्त ऐकायचंय. हे गेले तेव्हापासून घर एकदम सूनं झालंय. तू जाणकार आहेस नं, तूच पसंत कर.”
संध्याकाळ मजेत गेली. नुसता एफएमचा सेट कामाचा नाही. साध्या शॉर्टवेव्ह सेटवर हॅम लोकांचं बोलणं बदकांच्या कलकलाटासारखं येतं. ते माणसासारखं ऐकू यायला ‘सिंगल साइडबँड’ची सोय हवी. बारीक आवाज वेगळे काढणारा, स्टेशन लावायच्या मोठ्या चकतीचा टेबलावरचा सेट हवा. असा एक सेट मी कित्येक वर्षं नुसता फोटोत बघत आलोय. तोच मागवला, काकूंच्या नावाने, त्यांच्याच पैशांनी. जोडीला तळहाताएवढा एक, स्वयंपाकघरासाठी.

१२ नोव्हेंबर
सेट आला. काय वजन, काय चकती! लोण्यातून बोट फिरावं तशी फिरते. देवास गेटजवळून तांब्याची तार आणली, दोन खांबांमध्ये ताणली. खोलीतला एलईडी दिवा आणि मोबाइलचा चार्जर बंद केला तेव्हा खरखर थांबली. आणि बरोबर सातला मंडळी आली: देवास, नागपूर, हुबळी. कुणाचा गुडघा, कुणाचा नातू.
काकूंना वर बोलवायला हवं होतं. म्हटलं, आधी नीट तपासू.

१४ नोव्हेंबर
लिहायला लाज वाटते. काकूंनी विचारलं आणि मी छोटा सेट त्यांच्या हातात ठेवला. त्यावर एफएम आणि मीडियमवेव्हच लागतं, ते मला माहीत होतं. वर सांगितलं की मोठा बिघडलेला निघाला, परत पाठवायचाय. आणि मंडळीही आता जमत नाही बहुतेक. त्यांनी तो कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं. “कोई बात नहीं. आकाशवाणी तर लागते नं.”
संध्याकाळी मेथीचे पराठे वर पाठवले. मी ते त्यांच्याच सेटवर ऐकत खाल्ले.

१७ नोव्हेंबर
मंडळी निरोप घेऊन गेल्यावर चकतीच्या त्याच जागी एक क्षीण आवाज. “विनोदिनी, ऐकतेस का? ओव्हर.” मग शांतता, समोरच्याने उत्तर द्यावं म्हणून सोडतात तेवढी. पुन्हा तेच. पाच वेळा.
कुणाच्या तरी बायकोचं नाव असेल.

१८ नोव्हेंबर
पुन्हा. बँकेतून आल्यावर काकूंना सहज विचारल्यासारखं विचारलं, काका रेडिओवर कसे बोलायचे. त्या हसल्या. वरच्या खोलीतून आधी त्यांनाच हाक मारायचे, म्हणाल्या. खाली स्वयंपाकघरातल्या सेटवर ऐकू यायची. “विनोदिनी, ऐकतेस का? ओव्हर.” पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, तेवढं एकदा ऐकायला मिळालं असतं तर बाकी काही नको होतं.
दहा पायऱ्यांचं अंतर. हात धरून वर आणता आलं असतं. पण मग सेट दिसला असता.
मेलेला माणूस बोलतो याची भीती वाटायला हवी. मला भीती वाटली ती पकडलं जाण्याची.

२० नोव्हेंबर
तार काढली. प्लग काढला. चकतीमागचा दिवा विझलेला. तरी सातला आवाज, आता अगदी जवळून.
“माझ्या जागेवर कोण बसलंय? ओव्हर.”
आणि ती शांतता. मी तोंडावर हात दाबून बसलो.

२१ नोव्हेंबर
सेट उचलून जिन्यापर्यंत गेलो. काय सांगणार होतो? दुरुस्त होऊन आला म्हणून? ते खोटंही तयार होतं. खालून काकूंच्या खोकल्याचा आवाज आला आणि मी परत फिरलो.

२२ नोव्हेंबर
काकू नजर देत नाहीत. फाटकाशी गाठलं, तब्येत विचारली. म्हणाल्या, छोट्या सेटवर दोन दिवसांपासून सकाळी एक माणूस काहीतरी वाचतो. आधी तारीख सांगतो, मग वाचतो.
“आवाज तुझ्यासारखाच आहे बेटा. आज पराठ्यांपर्यंत आला.”

२३ नोव्हेंबर, रविवार
हा सेट फक्त ऐकतो. याच्यातून काही बाहेर जाऊच शकत नाही. मला माहीत आहे, मीच पसंत केलाय.
रोजनिशी बॅगेत, कुलूप लावून होती. सातला जिन्यात उभा राहिलो. खाली माझा आवाज. सावकाश, एक शब्द न गाळता. “दहा पायऱ्यांचं अंतर.” काकू खुर्चीत ताठ बसलेल्या, सेट मांडीवर. बंद केला नाही. शेवटपर्यंत ऐकलं. मग दार लावून घेतलं.

२४ नोव्हेंबर
लिहितोय आणि खाली ऐकू येतंय — हाच शब्द — हासुद्धा —
मग ऐका. काकू, मी खोटं बोललो. सेट तुमचा आहे. मंडळी रोज जमते. आणि काका तुम्हाला हाक मारतात, रोज, मी एकटा ऐकत —
थांबलो. पेन खाली ठेवलं होतं.
आवाज थांबला नाही.
पुढचं वाचतोय. मी न लिहिलेलं. आईचं — तिच्या शेवटच्या दुपारी ती आतून हाका मारत होती आणि मी हेडफोन — हे मी कुणालाच — कागदावरसुद्धा कधी —
काकू, बंद करा. पाया पडतो. पुढचं ऐकू नका, मी किती वेळ तसाच ब